माणूस बसवून घेतलेलं माप

मापकाकू गॅरेजच्या दारात पालथ्या पडल्या होत्या आणि रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. गाल फरशीला टेकलेला, एक डोळा मिटलेला, दुसरा एका पांढऱ्या दोरीवर. दोरी टेम्पोच्या मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणलेली. समोरच्या चष्मेवाल्याने दुकानाचं शटर वर ढकलता ढकलता हाक मारली, “काकू, लागला का डोळा?”

“लागत होता. तुमच्या शटरने घालवला.”

“मग उठा आता.”

“उठणं काय शटर उघडण्याइतकं सोपं आहे का हो?”

खरंच नव्हतं. मापकाकूंना खाली पडायला एक क्षण पुरायचा. उठायला बंपर, नवरा आणि देव, तिघेही लागायचे. नवरा म्हणजे मिस्त्री. अंगाने सायकलच्या तारेसारखे. ते हात पुढे करायचे तेव्हा बघणाऱ्याला कळायचं नाही की आता काकू उठणार की मिस्त्री पडणार. पण एकतीस वर्षांत ते एकदाही पडले नव्हते.

एकतीस वर्षांपूर्वी, लग्नानंतर आठवड्याभरात, काकू पहिल्यांदा डबा घेऊन गॅरेजात आल्या तेव्हा मिस्त्रींनी दोरीचं एक टोक हातात धरलं होतं आणि दुसरं एका खुर्चीला बांधलं होतं. खुर्ची सारखी सरकत होती आणि मिस्त्री खुर्चीला शिव्या घालत होते. काकूंनी डबा ठेवला आणि टोक धरलं. “घट्ट धर हं,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी जे धरलं ते अजून सोडलेलं नाही. इंजिन मिस्त्रींचं, चाकं काकूंची, ही वाटणी कधी झाली ते दोघांनाही सांगता येणार नाही. पुढे मोठ्या रस्त्यावर कॉम्प्युटर लावून चाकं जुळवणारी दोन गॅरेजं उघडली. तरी वाकडी चालणारी गाडी शेवटी काकूंच्या दारात यायची, कारण काकू ऐकून घ्यायच्या. गिऱ्हाईक “गाडी रुसलीय” म्हणालं तरी त्या हसायच्या नाहीत. “कधीपासून?” एवढंच विचारायच्या.

टेम्पो गेला आणि त्याच्या जागी एक डोंगरगाडी येऊन उभी राहिली. जुनी, खुल्या टपाची. दगडधोंड्यांवर पोट घासू नये म्हणून कुणीतरी वीतभर उंच केलेली, मोठी चाकं चढवलेली. तिच्यातून दार भरून एक तरुण उतरला. डाव्या बाजूने त्याची आई उतरत होती. बाई इतक्या लहानखुऱ्या की गाडीतून उतरायला त्यांना आधी पायरीवर बसावं लागलं आणि मग खाली घसरावं लागलं. मुलाने हात दिला, तो त्यांनी घेतला नाही.

बाईंना काकू ओळखत होत्या. बाजारात कोण ओळखत नव्हतं? मधवाल्या बाई. डोंगरावर मधमाश्यांच्या साठ पेट्या, त्यांच्या आणि त्यांच्या नवऱ्याच्या. नवरा मागच्या वर्षी गेला, हेही काकूंच्या कानावर आलं होतं.

बाई ओट्यावर टेकेपर्यंत मुलगा काकूंच्या जवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “काकू, गाडीत काही नाहीये.”

“मग आणली कशाला?”

“ती म्हणते गाडी डावीकडे ओढते. मी चालवतो, सरळ जाते. दोन गॅरेजांत दाखवली, तिथेही सरळ गेली. काकू, चार महिन्यांपूर्वी आईला झटका आला होता. हलकाच. पण डावा हात तेव्हापासून...” त्याने स्वतःचा हात थोडा लोंबता सोडून दाखवला. “डॉक्टर म्हणाले, चालवू शकता. पण त्यांनी डोंगराचा रस्ता कुठे पाहिलाय? डावीकडे सरळ दरी आहे. गाडीला मी गिऱ्हाईक बघितलंय, रविवारी नेणार आहे. तुम्ही फक्त तिला सांगा, की हात आहे, गाडी नाही. तुमचं ऐकेल ती.”

“आणि हात नसला तर?”

“काकू, हातच आहे हो.” “बाबा गेले. आता ही त्या दरीत...”

काकूंनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि त्या बाईंकडे गेल्या.

“कधीपासून ओढते?”

बाईंनी वर बघितलं. हा प्रश्न त्यांना बहुतेक कुणी विचारलाच नव्हता. मग म्हणाल्या, “हे गेल्यापासून. आधी तेच चालवायचे ना, मी बाजूला बसायचे. नंतर मी घेतली.”

“म्हणजे हात दुखायच्या आधीपासून?”

“तेव्हाही वाटलं होतं. पण तेव्हा मला सगळंच तिरकं वाटत होतं हो. घरसुद्धा.” आणि त्यांनी डावा हात उजव्या हातात घेऊन मांडीवर ठेवला, जसं कुणी दुसऱ्याचं मूल सांभाळायला घेतं. “काकू, हात असेल तर हात म्हणा. माझ्यापाशी लपवू नका. पेट्या कुणाला द्यायच्या ते मी ठरवलंय. फक्त मला उगीच कुणी वेडं ठरवू नये.”

काकू कामाला लागल्या. आधी चारी चाकांतली हवा: सारखी. मग पुढचं डावं चाक उजवीकडे, उजवं डावीकडे. खोट टायरात असेल तर ओढही बाजू बदलते. मग मुलाला रस्त्यावर एक फेरी मारायला लावून पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावर तळहात लावून बघणं. एखादा ब्रेक चिकटत असेल तर ते चाक तव्यासारखं तापतं. दोन्ही सारखीच कोमट. गाडी जॅकवर चढवून चाकं हाताने फिरवली. फिरली, खुशाल फिरली. मग दोरी. काकू आडव्या झाल्या, उजवीकडून बघितलं, मिस्त्रींच्या मदतीने उठल्या, पुन्हा आडव्या झाल्या, डावीकडून बघितलं. चाकं एका रेषेत. पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर दोन्ही अंगांना सारखं. गळ्यातला टेप काढून त्यांनी गाडीची उंचीही घेतली. उजवी बाजू बोटभर वर होती. काकूंनी खडूने फरशीवर आकडा लिहिला आणि त्यापुढे विचार केला नाही. अशा हाताने उंच केलेल्या गाड्या थोड्या वाकड्या उभ्या राहतातच, शिवाय गॅरेजची फरशीही गटाराच्या बाजूला उतरती. एकतीस वर्षांत त्यांनी असं बोटभर शंभरदा सोडून दिलं होतं.

“चालवून बघते,” त्या म्हणाल्या आणि स्टिअरिंगमागे बसल्या. गाडी त्यांच्या वजनाने एकदा कुरकुरली. गॅरेजपासून पाण्याच्या टाकीपर्यंतचा रस्ता ओळंबा लावल्यासारखा सरळ. काकूंनी वेग धरला आणि स्टिअरिंग सोडलं. गाडी नाकासमोर गेली. परत येताना पुन्हा सोडलं. पुन्हा नाकासमोर.

“आता तुम्ही,” त्या बाईंना म्हणाल्या आणि स्वतः डाव्या सीटवर बसल्या.

बाई चढल्या. पाठीमागे उशी घेतली, आरसा खाली केला. हात स्टिअरिंगवर ठेवले तेव्हा डाव्या हाताची बोटं जरा उशिरा मिटली. काकूंनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. गाडी निघाली आणि चष्म्याचं दुकानही मागे पडायच्या आत डावीकडे जायला लागली. किंचित नाही, चांगली. बाई ओठ आवळून तिला परत आणत होत्या, ती परत जात होती.

“बघा,” बाई म्हणाल्या. “बघा काकू. मी नाही नेत हो तिला.”

“सोडा बघू हात.”

“सोडू?”

“सोडा, रस्ता मोकळा आहे.”

बाईंनी हात सोडले. गाडी डावीकडे गेली. काकूंच्या मनात आलं, सोडतानाच डाव्या हाताने ओढलं असेल. माणसाला स्वतःला कळतही नाही. आणि आता हे बोलावं लागणार होतं.

परत आल्यावर त्या आतल्या खोलीत गेल्या. ग्रीसचे डबे, भिंतीला टांगलेले पट्टे, कोपऱ्यात गॅसची शेगडी. मिस्त्री कार्ब्युरेटर पुसत बसले होते.

“काय निघालं?”

“काही नाही. बाईंचा हातच आहे.”

“मग सांग.”

“सांगते.” काकूंनी चहाचं नुसतं आधण उगाच ढवळलं. “अहो, त्यांनी पेट्या कुणाला द्यायच्या तेसुद्धा ठरवून ठेवलंय.”

अशा वेळी काय बोलायचं ते मिस्त्रींना कधीच सुचायचं नाही, म्हणून ते काहीतरी काम काढायचे. “गाडी दारात आडवी लावलीय,” ते म्हणाले. “टाकीपासून वळवून आणतो. तू चहा दे त्यांना.”

काकू दोन कप घेऊन बाहेर आल्या. बाईंनी कप घेतला तो दोन्ही हातांनी.

“बोला,” बाई म्हणाल्या. “मी तयार आहे.”

“ताई, मी चारी चाकं बघितली...”

“आणि ब्रेक. बघत होते मी. फार मनापासून बघितलंत. आजवर कुणी इतकं आडवं नव्हतं झालं.” बाई हसल्या. मुलगा लांब उभा राहून रस्त्याकडे बघत होता, पण त्याचे कान इकडेच होते. “ताई, असं आहे, की...”

तेवढ्यात डोंगरगाडी समोर येऊन कचकन थांबली आणि मिस्त्री उतरायच्या आधीच ओरडले, “कोण म्हणतं ही सरळ जाते?”

“मी म्हणते,” काकू म्हणाल्या. “चालवलीय मी.”

“अगं, डावीकडे जातेय! टाकीपाशी त्या खांबाला जाऊन भिडणार होतो मी.”

“माझ्या हातात नाकासमोर गेली.”

“तुझ्यापुढे कोण वाकडं जाईल?”

“अहो, लोक बसलेत.”

“बसू देत! चाळीस वर्षं स्टिअरिंग धरतोय. माझ्या हाताला कधी झटका आला का?”

हे तोंडातून गेलं आणि मिस्त्रींनी जीभ चावली. पण बाई उभ्या राहिल्या होत्या. हातातला चहा हिंदकळून फरशीवर सांडला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. “तुम्हालाही ओढली?”

“ओढली म्हणजे काय, ओढतच नेली!”

काकू मिस्त्रींकडे बघत राहिल्या. त्यांच्या काड्यांसारख्या हातांकडे, पट्ट्याला पाडलेल्या जादा भोकांकडे. मग मधवाल्या बाईंकडे, नखशिखान्त. मग मुलाकडे.

“अहो, तुमचं वजन किती?”

“आता हे काय मध्येच?”

“सांगा ना.”

“बावन्न. तुझं विचारू?”

“विचारलंत तर जेवण मिळायचं नाही.” काकू मुलाकडे वळल्या. “ते दोन गॅरेजवाले अंगाने कसे होते रे?”

मुलगा गोंधळला. “म्हणजे... एक माझ्याएवढा.”

“आणि दुसरा?”

“दुसरा... तुमच्या... म्हणजे चांगला होता.”

“माझ्याएवढा म्हण की, लाजतोस काय!” काकूंनी कपाळावर हात मारला, तो इतक्या जोरात की चष्मेवाल्याने मान वर केली. “आम्ही सगळे एका मापाचे! जो तो आपलं धूड घेऊन त्या सीटवर बसला आणि म्हणाला, गाडी सरळ आहे. आणि ताईंना चालवायला दिली तेव्हा मी कुठे बसले? डावीकडे! मीच दाबली ती डावीकडे आणि खापर त्यांच्या हातावर फोडायला निघाले.”

“मी काही समजले नाही,” बाई म्हणाल्या.

“समजेल. ए, इकडे ये. आत ट्रकच्या दोन जुन्या बॅटऱ्या आहेत, उचलून आण. एकेक आण, कंबर मोडशील.”

मुलाने बॅटऱ्या आणल्या आणि काकूंनी त्या उजव्या सीटच्या मागे ठेवून दोरखंडाने आवळल्या. बाईंना एकटीला बसवलं. “जा टाकीपर्यंत. अर्ध्या रस्त्यात हात सोडा.”

गाडी गेली. गॅरेजच्या दारात तिघं ओळीने उभी. अर्ध्या रस्त्यात बाईंचे दोन्ही हात वर आलेले दिसले, खांद्यांच्याही वर, आणि गाडी सरळ जात राहिली. टाकीपाशी वळली. येतानाही हात वरच. चष्मेवाला दुकानातून बाहेर आला होता. “पडतील की हो!” तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात हसू होतं.

गाडी थांबली. बाई उतरल्या नाहीत. त्यांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मुलगा धावला, पण काकूंनी त्याला दंडाला धरून थांबवलं. “थांब जरा. रडू दे. चार महिने थांबलंय ते.”

मग काकू गाडीखाली गेल्या. उजव्या बाजूच्या पुढच्या कमानपाट्यांवर, गाडीचं वजन झेलणाऱ्या स्प्रिंगवर, टॉर्चचा उजेड टाकला तेव्हा चिखलाच्या थराखाली ती दिसली: एक लोखंडी पट्टी, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ होत गेलेली, पाचरीसारखी. डावीकडे तशी नव्हती. दोरी चाकं बघते. पाट्यांच्या आत काय दडलंय ते दोरीला दिसत नाही. काकूंनी पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला. कानसेने घासून घासून गोल केलेली कड. पाटा कापला जाऊ नये म्हणून. बाजारातली नव्हतीच ती. कुणीतरी फुरसतीने, चार-पाच संध्याकाळी बसून केलेली.

“ताई,” त्यांनी खालूनच विचारलं, “तुमच्या मिस्टरांचं वजन किती होतं?”

वरून उत्तर आलं, “एकशे दहा. का?”

“गाडी कुणी उंच केली?”

“त्यांनीच. पंधरा दिवस खालीच होते. मी जेवायला हाका मारायचे. एकदा मी विचारलं, उंच करून झाली ना, मग अजून काय करताय? तर म्हणाले, माझं पोट सांभाळतोय. मला वाटलं, थट्टा.”

मुलगा खाली बसला आणि वाकून बघायला लागला. काकूंनी त्याला पट्टी दाखवली. “हे बघ. ते बसले की गाडी उजवीकडे कलायची आणि तिकडे ओढायची. म्हणून त्यांनी इथे ही पट्टी घातली. हे अंग वर उचललं, चाकही जरासं कललं, आणि गाडी त्यांच्यासकट सरळ चालायला लागली. आता ते नाहीत. पण गाडी अजून त्यांना धरून चालतेय. तिला कुणी सांगितलंच नाही.”

मुलाने पट्टीला बोट लावलं.

काकू बाहेर आल्या. या वेळी एका बाजूने मिस्त्रींनी, दुसऱ्या बाजूने मुलाने उठवलं. बाई अजून सीटवरच होत्या.

“काढायची का?” काकूंनी विचारलं. “काढायला तर हवी. पण तुम्ही म्हणाल तेव्हा. आजच नको असेल तर तोवर मागे वाळूची पोती टाकून चालवा.”

बाई बराच वेळ सीटच्या कडेवरून हात फिरवत राहिल्या. तिथलं रेक्झिन एका बाजूला फाटलं होतं आणि आतला स्पंज दबून दबून पातळ झाला होता.

“किती छान बसायचे इथे,” त्या म्हणाल्या. मग डोळे पुसून, “काढा. त्यांची जागा मी पोत्यांनी भरू का? मला ते हसतील.”

मिस्त्रींनी पाने काढले. पट्टी निघायला तास लागला. तेवढ्या वेळात काकू बाईंशी बोलत राहिल्या, आणि जे सांगायचं होतं तेही सांगितलं: हात कमजोर आहे, ते खोटं नाही. मिटायला वेळ लागतो. चेंडू दाबायचा, रोज. डोंगराच्या वळणावर वेग कमी ठेवायचा. “पण गाडी ओढणारा हात हा नाही, ताई. हे मी लेखी देईन.”

“लेखी नको. त्याला सांगा,” बाई मुलाकडे बघून म्हणाल्या.

“मी ऐकलंय,” मुलगा म्हणाला. त्याची मान खाली होती.

पट्टी निघाल्यावर मिस्त्री दोरी घेऊन आले तसं काकूंनी त्यांना थांबवलं. “आता नुसती गाडी नाही मोजायची. ताई, बसा आत.”

“मी कशाला?”

“लग्नाआधी मी शाळेचे गणवेश शिवायचे,” काकू म्हणाल्या. “पोरगं समोर उभं नसलं की मी कापडाला कात्री लावायची नाही. मग या धंद्यात आले आणि रिकाम्या गाड्या मोजत राहिले, कुणी टोकलं नाही. बसा. रोज बसता तशा. उशी घेऊन.”

बाई बसल्या. ताठ, फोटो काढायला बसल्यासारख्या. काकूंनी टेप लावला. डावीकडे, उजवीकडे. खडूचा जुना आकडा पायाने पुसला आणि नवे दोन आकडे लिहिले. दोन्ही सारखे. मग दोरी. आडवं होणं, उठणं, पुन्हा आडवं होणं. स्टिअरिंगच्या दांड्याचा स्क्रू मिस्त्रींनी पाव आटा फिरवला, काकू म्हणाल्या “थोडा परत”, त्यांनी थोडा परत घेतला.

“जा,” काकू म्हणाल्या. “एकट्या जा.”

गाडी टाकीकडे गेली. हात वर आले. गाडी सरळ. टाकीपाशी पोहोचली आणि वळली नाही. पुढे गेली. वळणाआड लाल दिवा एकदा लागला आणि दिसेनासा झाला.

“कुठे गेली ती?” मुलगा म्हणाला.

त्या रस्त्याला पुढे डोंगर आणि ती दरी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. मुलाने फोन काढला, लावला, कानाला धरून उभा राहिला. उचलला नाही. त्याने पुन्हा लावला. काकू त्याच्याकडे बघत होत्या. तो चिडेल किंवा धावेल, दोन्हीपैकी काहीतरी करेल असं त्यांना वाटत होतं.

तिसऱ्यांदा फोन लावताना त्याने मध्येच तो बंद केला आणि कपाळ चोळलं. “तिची जाळीची टोपी घरी आहे,” तो म्हणाला. “आणि हातमोजे. गिऱ्हाईक येणार म्हणून मी गाडी रिकामी केली होती. तशीच पेट्या उघडेल ती, मला माहितीय. धीर नाही तिला. तोंडावर डसतील.”

“मग?”

“मग काय?” त्याने मिस्त्रींच्या स्कूटरकडे बघितलं. “काका, ही देता का जरा? घरून घेतो आणि वर पोहोचवतो.”

मिस्त्रींनी खिशातून किल्ली काढली. मुलगा बसला तशी स्कूटर मागून खाली गेली. त्याने किक मारली आणि निघताना काकूंना विचारलं, “रविवारच्या गिऱ्हाईकाला काय सांगू?”

“मला काय विचारतोस?” काकू म्हणाल्या. “गाडी कुणाची आहे?”

त्याने मान डोलावली आणि आधी घराकडे वळला, टोपी आणायला.